टाइप अ‍ॅनोटेशन म्हणजे काय? प्रोग्रामला ‘हा आकडा आहे’ हे आधीच का सांगावं लागतं?

एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत ७/१२ टाइप करून एंटर दाबलं, की तिथे सातबारा राहत नाही. तारखेची भारतीय मांडणी असलेल्या कॉम्प्युटरवर ती चौकट ७ डिसेंबर दाखवते, अमेरिकी मांडणी असेल तर १२ जुलै. गट नंबर १२/३ लिहिला तर त्याचा १२ मार्च होतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जमीन असते, एक्सेलला तारीख दिसते.

हा त्रास फक्त तलाठी कार्यालयापुरता नाही. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत राहिलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली.

दोन्हीकडे दुखणं एकच आहे. समोर आलेली गोष्ट आकडा आहे, तारीख आहे की साधा मजकूर, हे कुणी सांगितलं नाही आणि मशीनने अंदाज बांधला. प्रोग्रामिंगमध्ये हा अंदाज बांधायची वेळ येऊ नये म्हणून कोडमध्येच लिहून ठेवतात, की इथे आकडा येणार, इथे मजकूर येणार. या लिहून ठेवण्याला ‘टाइप अ‍ॅनोटेशन’ किंवा ‘टाइप हिंट’ म्हणतात. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, रुबी या भाषा वर्षानुवर्षं अशा नोंदींशिवाय चालल्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या सगळ्यांमध्ये ही सोय आली. ती का आली, ती काय पकडते आणि काय पकडत नाही, ते या लेखात.

टाइप म्हणजे नेमकं काय?

टाइप म्हणजे प्रकार. कॉम्प्युटरच्या दृष्टीने १२ हा आकडा आणि ‘१२’ हा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्याची बेरीज होते. मजकुराची जोडणी होते, म्हणजे एक अक्षर दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतं. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मोबाइल नंबर, पिनकोड, आधार क्रमांक, गट नंबर हे सगळे दिसायला आकडे आहेत, पण त्यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवायचे असतात. उलट वजन, भाव, रक्कम हे खरे आकडे. फॉर्ममध्ये भरलेली किंवा साध्या फाइलमधून वाचलेली प्रत्येक गोष्ट प्रोग्रामकडे बहुतेक वेळा आधी मजकूर म्हणूनच येते. तिचा आकडा करायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं असतं.

प्रोग्रामिंगच्या भाषांचे इथे ढोबळमानाने दोन गट पडतात. सी, जावा यांसारख्या भाषांत कुठल्या नावाखाली कुठल्या प्रकारची गोष्ट राहणार, हे प्रोग्राम चालण्याआधीच ठरलेलं असतं. यांना ‘स्टॅटिक’ म्हणतात. दुसऱ्या गटात ‘वजन’ या नावाखाली आत्ता आकडा असेल, पुढच्या ओळीत मजकूर असेल, भाषा अडवत नाही. प्रकार प्रोग्राम चालत असतानाच कळतो. या ‘डायनॅमिक’ भाषा.

शाळा-कॉलेजात मुलांच्या हाती आधी पडतात त्या बऱ्याचदा याच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहेत, सीबीएसईच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन आहे. तिन्ही डायनॅमिक. कमी लिहावं लागतं, चटकन काम दिसतं, म्हणून त्या शिकायला सोप्या वाटतात. त्यांची ही सैल मोकळीक कधी महागात पडते, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

घोडेगावच्या बाजारातलं एक उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातलं घोडेगाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांसाठी ते ओळखलं जातं. नेवासा बाजार समितीचं उपबाजार आवार तिथे आहे. अशा बाजारात लिलाव झाला की माल मोजला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. त्यात वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती येणारी रक्कम असते.

आता समजा, अशी पट्टी काढणारा एक छोटा प्रोग्राम कुणीतरी लिहिला. (हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही सोयीसाठी घेतलेले आहेत.) एका शेतकऱ्याच्या दोन वक्कल आहेत. एक १२ क्विंटलची, दुसरी ८ क्विंटलची. भाव १,५०० रुपये क्विंटल. हिशोब तोंडी होतो: २० क्विंटल, ३०,००० रुपये. खर्च त्यातून वजा.

वजनं पडद्यावरच्या फॉर्ममध्ये भरली गेली, म्हणून ती प्रोग्रामकडे मजकूर म्हणून आली. ‘१२’ आणि ‘८’. लिहिणारा त्यांचा आकडा करायला विसरला. भाव मात्र आकडाच आहे. पुढे काय होतं?

जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह दोन मजकूर एकमेकांना चिकटवतं. ‘१२’ अधिक ‘८’ म्हणजे ‘१२८’. पुढे गुणाकार आला की हीच भाषा मजकुराचा गुपचूप आकडा करते. १२८ गुणिले १,५००. पट्टीवर छापलं जातं १,९२,००० रुपये. कुठेही एरर नाही, कुठेही लाल अक्षर नाही.

पायथनमध्येही ‘१२’ आणि ‘८’ मिळून ‘१२८’ होतात. पण पायथनमध्ये मजकुराला आकड्याने गुणलं तर तो मजकूर तितक्या वेळा पुन्हा लिहिला जातो. त्यामुळे रकमेच्या जागी १२८१२८१२८ अशी ४,५०० अंकांची माळ येते. उत्तर चुकीचंच, पण निदान डोळ्यात भरतं.

पीएचपीमध्ये जोडणीसाठी वेगळं चिन्ह आहे. अधिकचं चिन्ह तिथे बेरीजच करतं आणि आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराचा आकडा करून घेतं. उत्तर बरोबर येतं: ३०,०००.

एकच चूक, तीन भाषा, तीन उत्तरं. यातलं सगळ्यात धोक्याचं उत्तर पहिलं. १,९२,००० हा आकडा रकमेसारखाच दिसतो. गर्दीच्या दिवशी शंभर पट्ट्यांमध्ये तो निसटू शकतो.

आवाज न करणारी चूक: ‘आजचा सर्वाधिक भाव ९००’

यापेक्षाही गुपचूप होणारी एक चूक आहे. समजा, दिवसभरातले भाव फाइलमधून वाचले: ९००, १५००, २१००. त्यातला सर्वांत जास्त भाव काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवायचा आहे. भाव मजकूर म्हणूनच राहिले असतील, तर पायथन त्यांची तुलना शब्दकोशासारखी करतं. आधी पहिलं अक्षर बघायचं. ९ हे २ पेक्षा आणि १ पेक्षा मोठं, म्हणून सर्वाधिक भाव ठरतो ९००.

मेसेज फॉरवर्ड होत राहतो. दोन तालुके पलीकडचा शेतकरी तो वाचतो आणि आज टेम्पो भरायचा नाही असं ठरवतो. त्याच्या लेखी ही कॉम्प्युटरची चूक नसते, बाजार पडलेला असतो. प्रोग्राम बंद पडला असता तर कुणी फोन तरी केला असता. चालणारा पण खोटं सांगणारा प्रोग्राम जास्त नुकसान करतो.

अ‍ॅनोटेशन लिहितात कसं?

पायथनमध्ये नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देऊन प्रकार लिहितात. मूळ कोडमध्ये हे शब्द रोमन लिपीत असतात. इथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘फ्लोट’ म्हणजे दशांश असलेला आकडा, ‘एसटीआर’ म्हणजे मजकूर.

आधी: डेफ पट्टी(वजन, भाव)

नंतर: डेफ पट्टी(वजन: फ्लोट, भाव: फ्लोट) -> फ्लोट

दुसरी ओळ सांगते, की पट्टी काढायला दोन आकडे लागतात आणि बाणापुढे लिहिल्याप्रमाणे परतही आकडाच मिळेल. आता कुणी मजकूर असलेलं वजन इथे पाठवलं, तर तपासणारं साधन प्रोग्राम चालवण्याआधीच त्या ओळीवर बोट ठेवतं: इथे आकडा हवा होता, मजकूर आला आहे. भावांच्या यादीवर ‘यादी, आतमध्ये फ्लोट’ असं लिहिलं असेल, तर ९०० वाली चूकही तिथेच अडते.

अ‍ॅनोटेशन याहून बारीकही असू शकतं.

एक, ‘असेल किंवा नसेल’. शेतकऱ्याने उचल घेतली असेल तर तिची रक्कम असते, घेतलीच नसेल तर काहीच नसतं. पायथनमध्ये या ‘काहीच नाही’ला ‘नन’ म्हणतात. ‘उचल: फ्लोट | नन’ असं लिहिलं, की तपासनीस विचारतो: उचल नसेल तेव्हा काय करायचं, ते लिहिलंय का? न बघता थेट वजाबाकी केली तर तो तक्रार करतो. मध्ये उभी रेघ देऊन लिहायची ही पद्धत ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० सोबत आली.

दोन, ‘यापैकीच एक’. कांद्याची प्रत मोठा, मध्यम, गोल्टी किंवा जोड, एवढ्यांपैकीच एक असेल असं बांधून ठेवता येतं. कोडमध्ये कुठे ‘गोल्टी’ऐवजी ‘गोलटी’ लिहिलं गेलं तर ते लगेच सापडतं. नाही तर त्या प्रतीचा माल हिशोबात वेगळाच पडून राहतो. ही सोय २०१९ च्या पायथन ३.८ पासून आहे.

चिठ्ठी लावली, पण गोणी उघडून कोण बघणार?

इथे अनेकांची गल्लत होते. पायथनमध्ये अ‍ॅनोटेशन लिहिलं म्हणून पायथन स्वतः काही तपासत नाही. ‘वजन: फ्लोट’ लिहिलेल्या जागी मजकूर आला तरी प्रोग्राम बिनदिक्कत पुढे जातो. गोणीवर ‘गोल्टी’ अशी चिठ्ठी लावल्याने आतला कांदा गोल्टी होत नाही. चिठ्ठी फक्त सांगते. खात्री करायची तर कुणीतरी गोणी सोडून बघावं लागतं.

पायथनमध्ये हे बघण्याचं काम वेगळी साधनं करतात. ‘मायपाय’ आणि मायक्रोसॉफ्टचं ‘पायराइट’ ही त्यातली माहितीची नावं. ती प्रोग्राम चालवत नाहीत. कोड वाचतात आणि चिठ्ठ्या एकमेकींशी जुळतात का, एवढं पाहतात. ही साधनं कुणी चालवलीच नाहीत, तर अ‍ॅनोटेशन हे माणसांनी वाचायचं टिपण एवढंच उरतं.

टाइपस्क्रिप्ट ही प्रकारांची नोंद असलेली जावास्क्रिप्ट. तिथे तपासणी होते ती जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करताना. त्यानंतर सगळ्या नोंदी पुसल्या जातात. ब्राउझरपर्यंत पोहोचतं ते साधं जावास्क्रिप्ट. त्यामुळे वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये काय भरलं, हे टाइपस्क्रिप्टला कळत नाही.

पीएचपीचं वेगळं आहे. तिथे लिहिलेला प्रकार प्रोग्राम चालतानाही तपासला जातो. नेहमीच्या पद्धतीत ‘१२’ हा मजकूर आला तर त्याचा आकडा करून घेतला जातो. फाइलच्या सुरुवातीला कडक तपासणीची सूचना दिली असेल, तर तिथेच एरर येते.

म्हणून बाहेरून येणारी माहिती, म्हणजे फॉर्म, फाइल, दुसऱ्या सर्व्हरकडून आलेलं उत्तर, ही दारातच तपासून घ्यावी लागते. पायथनमध्ये यासाठी ‘पायडँटिक’ हे साधन बरंच वापरलं जातं. ते अ‍ॅनोटेशन वाचतं आणि प्रोग्राम चालत असताना आलेली माहिती त्याच्याशी ताडून पाहतं. आकडा होण्यासारखा मजकूर असेल तर आकडा करतं, नसेल तर माल दारातच परत. दारात खरी तपासणी आणि आत चिठ्ठ्यांची तपासणी, अशी ही जोडी आहे. एकीने दुसरीचं काम होत नाही.

ही कल्पना आली कुठून?

सगळं आधी ठरवायचं किंवा काहीच ठरवायचं नाही, यांच्या मधला रस्ता शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००६ मध्ये जेरेमी सीक आणि वालिद ताहा या संशोधकांनी ‘ग्रॅज्युअल टायपिंग’ नावाने एक मांडणी केली. जिथे प्रकार लिहिलाय तिथे तपासा, जिथे नाही तिथे जुन्यासारखं चालू द्या, आणि दोन्ही कोड एकाच प्रोग्राममध्ये सुखाने राहू द्या.

पायथनमध्ये डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीपासून फंक्शनला अशा नोंदी जोडता येत होत्या, पण त्यांचा अर्थ काय हे भाषेने ठरवलं नव्हतं. युक्का लेहतोसालो हे केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. करत असताना ‘मायपाय’वर काम करत होते. सुरुवातीला त्यांची लिहिण्याची पद्धत पायथनसारखी पण वेगळी होती. २०१३ च्या पायकॉन परिषदेत पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांच्याशी बोलणं झालं आणि त्यांनी सरळ पायथनच्याच मांडणीत लिहायचं ठरवलं. पुढे दोघेही ड्रॉपबॉक्स कंपनीत या कामावर होते. सप्टेंबर २०१५ मध्ये पायथन ३.५ सोबत टाइप हिंट अधिकृतपणे आल्या. डिसेंबर २०१६ च्या ३.६ मध्ये साध्या नावांपुढेही प्रकार लिहिता येऊ लागला.

त्या प्रस्तावातच एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: पायथन डायनॅमिकच राहील आणि अ‍ॅनोटेशन सक्तीची करण्याचा इरादा नाही.

जावास्क्रिप्टच्या बाजूने मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली. तिच्यामागे अँडर्स हाइल्सबर्ग होते. टर्बो पास्कल आणि सी शार्प या नावांमागेही तेच. फेसबुकने २०१४ मध्ये पीएचपीला प्रकारांची जोड देणारी ‘हॅक’ ही भाषा खुली केली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, पीएचपी ७ मध्ये आकडा आणि मजकूर यांसारख्या साध्या प्रकारांची नोंद करायची सोय आली. रुबीसाठी स्ट्राइप कंपनीने २०१९ मध्ये ‘सॉर्बे’ खुलं केलं आणि डिसेंबर २०२० च्या रुबी ३.० मध्ये प्रकार लिहिण्याची अधिकृत पद्धत आली.

या सगळ्यांचं कारण जवळपास एकच. छोटा म्हणून सुरू झालेला कोड लाखो ओळींचा झाला, लिहिणारे निघून गेले आणि नव्याने आलेल्याला ‘वजन’ म्हणजे इथे नक्की काय, हे सांगायला कुणी उरलं नाही. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्याकडच्या ४० लाख ओळींच्या पायथन कोडची अशी तपासणी होते. गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार टाइपस्क्रिप्ट तिथली सर्वाधिक वापरली जाणारी भाषा झाली.

जुन्या कोडमध्ये हे घालायचं कसं?

सगळं एका दिवसात करायला घेतलं तर ते अर्ध्यावर सुटतं. अनुभवी मंडळी साधारण असा क्रम धरतात.

पहिलं, पैसा, वजन, तारीख जिथे हाताळली जाते त्या फंक्शनपासून सुरुवात. चूक झाली तर सर्वांत महाग पडेल ती जागा आधी.

दुसरं, बाहेरून माहिती येते त्या दारावर तपासणी. मजकुराचा आकडा एकदाच, तिथेच करायचा. आत फक्त आकडा फिरतो.

तिसरं, जे कळत नाही ते तसंच राहू द्यायचं. नोंद नसलेल्या भागाकडे मायपाय सुरुवातीला दुर्लक्ष करतं. ‘एनी’, म्हणजे काहीही चालेल, असाही एक प्रकार आहे. घाईत तो सगळीकडे लावला जातो आणि मग तपासणीला अर्थ राहत नाही. दहा गोण्यांवर ‘किरकोळ माल’ अशी चिठ्ठी लावण्यासारखं ते होतं.

चौथं, तपासणी रोजची करायची. कोडमध्ये बदल झाला की मायपाय आपोआप चालेल आणि जुळत नसेल तर बदल पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था लावतात. माणसाच्या आठवणीवर सोडलेली तपासणी दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

पाचवं, भाग स्वच्छ होईल तसा नियम कडक करायचा. नवीन फाइल असेल तर अ‍ॅनोटेशनशिवाय घ्यायचीच नाही, इतपत.

हाताने लिहायचा कंटाळा कमी करणारी साधनंही आहेत. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये खुलं केलेलं ‘मंकीटाइप’ प्रोग्राम चालताना कुठे काय आलं ते पाहतं आणि त्यावरून अ‍ॅनोटेशनचा कच्चा मसुदा देतं. तो तसाच चिकटवायचा नसतो. आज चुकून मजकूर आला असेल, तर साधन तीच चूक नियम म्हणून लिहील.

काय पकडत नाही?

२०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी जावास्क्रिप्टमधल्या, आधी घडून दुरुस्त झालेल्या ४०० चुका घेतल्या. प्रकार लिहिले असते तर यातल्या किती आधीच सापडल्या असत्या, हे तपासलं. उत्तर होतं सुमारे १५ टक्के. नुसती नोंद करून सहा-सातांतली एक चूक वाचते, हे कमी नाही. पण उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी दुसरे उपाय लागतात, हेही तितकंच खरं.

सर्वांत सोपं उदाहरण एककाचं. एका फाइलमध्ये वजन किलोत आहे, दुसरीत क्विंटलमध्ये. दोन्ही फ्लोट. तपासनीस खूश, आणि हिशोबात शंभर पटींचा फरक. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झालं, ते अशाच घोळामुळे. एका प्रणालीने आकडे इंग्लिश एककांत दिले, दुसरीने ते मेट्रिक समजून घेतले. आकडे आकडेच होते, एकक वेगळं होतं. यावर उपाय असा, की किलो आणि क्विंटल असे दोन वेगळे प्रकार तयार करायचे. पायथनमध्ये ‘न्यूटाइप’ने हे करता येतं. मग एकाच्या जागी दुसरा पाठवला की तपासनीस अडवतो. पण तसं करायचं सुचायला माणूसच लागतो.

दुसरं उदाहरण जावास्क्रिप्टचं. तिथली नेहमीची क्रमवारी खऱ्या आकड्यांनाही मजकुरासारखीच लावते. ९००, १५००, २१०० दिले तर १५००, २१००, ९०० असा क्रम येतो. प्रकार सगळे बरोबर, टाइपस्क्रिप्टची काही तक्रार नाही, उत्तर मात्र चूक. क्रम कसा लावायचा हे वेगळं सांगावं लागतं.

आणि भावच चुकीचा टाइप झाला, १,५०० ऐवजी १,०५०, तर जगातलं कुठलंही अ‍ॅनोटेशन तो पकडत नाही.

मराठी आकड्यांचं काय?

मराठी कीबोर्डवरून ‘१२’ असं देवनागरीत भरलं तर भाषांचं वागणं पुन्हा वेगळं. पायथनला देवनागरी अंक समजतात. मजकुराचा आकडा करायला सांगितला की ‘१२’चे बरोबर बारा होतात, ‘१२.५’चे साडेबाराही. जावास्क्रिप्ट त्याच मजकुराला ‘आकडा नाही’ असं उत्तर देतं. पीएचपीमध्ये सक्तीने पूर्णांक करायला लावलं तर गुपचूप शून्य मिळतं. शून्य क्विंटलची पट्टी म्हणजे शून्य रुपये. मराठी लोकांसाठी अ‍ॅप किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांनी दारावरच्या तपासणीत हे आठवणीने घालायला हवं. यात अ‍ॅनोटेशनचा प्रकार चुकलेला नसतो, रूपांतर चुकलेलं असतं.

विरोध कशासाठी?

सगळ्यांनाच हे पटलेलं नाही, आणि त्यांची कारणं फुसकी नाहीत. कोड लांबतो. गुंतागुंतीच्या प्रकारांची नोंद कधी कधी मूळ कामापेक्षा अवघड होते. एकदाच चालवून फेकून द्यायच्या वीस ओळींसाठी हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘टर्बो’ या वेबसाठीच्या लोकप्रिय साधनाच्या कर्त्यांनी टाइपस्क्रिप्ट काढून टाकून परत साधं जावास्क्रिप्ट स्वीकारलं. त्यावर बराच वाद झाला, पण निर्णय बदलला नाही.

उलट बाजूचं म्हणणं असं, की अ‍ॅनोटेशनचा मोठा फायदा चुका पकडण्यापेक्षा वाचण्यात आहे. सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड उघडला, की ‘वजन: फ्लोट’ एवढ्या दोन शब्दांनी बराच शोध वाचतो. कोड लिहायच्या एडिटरलाही पुढचा शब्द सुचवायला याच नोंदींची मदत होते.

थोडक्यात

एकट्याने, एकदाच, स्वतःसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला अ‍ॅनोटेशन नसलं तरी चालतं. दुसरा कुणी तो वाचणार असेल, तो वर्षभर चालणार असेल किंवा त्याच्या उत्तरावर कुणाचे पैसे ठरणार असतील, तर लिहिलेलं बरं. लिहिलं तर तपासणारं साधन रोज चालवावं. बाहेरून येणारी माहिती दारातच तपासावी. एकक नावातच लिहावं: नुसतं ‘वजन’ नको, ‘वजन_क्विंटल’.

आणि पट्टी छापून आली की दोन वक्कल आणि भाव यांचा तोंडी हिशोब एकदा करून बघावा. वीस क्विंटलचे १,९२,००० होत नाहीत, हे कळायला मायपाय लागत नाही.